खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी दगड घरीच बनवावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीविषयी आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या छंदाला अख्खे पान मिळाले याचे समाधान वाटले, आणि माशांच्या जाती, गाळणी, दिवे यांविषयीची त्यातील माहितीही नवख्याला उपयोगी पडेल अशीच आहे. मात्र टाकी नव्याने लावणाऱ्याने 'बाजारातून चांगला लाइव्ह रॉक मिळवावा' असे त्यात एका ओळीत सुचवले आहे. लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवाणू आणि इतर जीव वस्तीला असलेला प्रवाळाच्या सांगाड्याचा दगड. ती ओळ वाचून कोणी खरोखरच बाजारात गेला, तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. शिवाय असा दगड मिळवण्याची गरजही नाही, कारण पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ यांपासून घरी बनवलेला दगड टाकीतील तेच काम उत्तम करतो. हे काम कसे करावे आणि त्यात घाई का करू नये, हे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड शोभेपुरता नसतो. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो व तो अगदी थोडा असला तरी माशांना घातक ठरतो. सच्छिद्र दगडाच्या पृष्ठभागावर वस्ती करणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आतल्या, प्राणवायू जेमतेम पोहोचेल अशा पोकळ्यांत राहणारे निराळे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवतात. म्हणजे दगडाला भरपूर छिद्रे असावीत, त्यातून पाण्यात काही अपायकारक उतरू नये आणि जिवाणूंना जम बसवायला पुरेसा अवधी मिळावा, एवढ्याच या कामाच्या अटी आहेत. दगड प्रवाळाच्या सांगाड्याचाच असावा, अशी अट जिवाणूंनी घातलेली नाही. ती हौशी मंडळींनी आणि दुकानदारांनी घातलेली आहे.

आता कायद्याचे पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. त्याच अनुसूचीत वाघही आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली तरी प्रवाळांचे हे संरक्षण कायम राहिले, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. प्रवाळ जिवंत नव्हता, नुसता सांगाडा होता, ही सबब येथे चालत नाही, कारण प्राण्याचे अवयव व अवशेष हेही कायद्याच्या कक्षेत येतात. परदेशातून आणलेल्या मालाचीही सुटका नाही. कठीण प्रवाळांच्या सर्व जाती वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून परवान्याच्या कागदांवाचून त्यांची ने-आण करता येत नाही.

असे असूनही शहरांतील पाळीव प्राण्यांच्या बाजारांत हा दगड मिळतो. थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून तो येतो. (एका दुकानात त्या भिजलेल्या कागदांवर मला आपल्याच दैनिकाचे शीर्षक दिसले होते, त्यात आपला दोष काहीच नाही.) माल कोठला, असे विचारले की 'बाहेरून आलाय' यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि पावतीवर 'डेकोरेशन स्टोन' असे लिहून दिले जाते. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण काही बेकायदा करत आहोत याची कल्पनाही नसते. म्हणूनच वृत्तपत्रातील शिफारशीचे वजन अधिक पडते.

'लाटांनी फुटून पडलेला मेलेला दगड उचलला तर समुद्राचे काय बिघडते?' हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणारे लोक बेफिकीर असतात असे नाही. प्रवाळाची पोहणारी अळी बसायला कठीण जागा शोधत असते, आणि पूर्वीच्या प्रवाळांचे सांगाडे व त्यांवर चढलेला गुलाबी-जांभळ्या शैवालाचा कठीण थर ही तिची आवडती जागा असते. तो दगड उचलला की पुढच्या पिढीची जागाच जाते. गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे नारळाएवढ्या खड्यामागे किती काळ गेला असेल याचा अंदाज येतो. आपल्या राज्यात असा ठेवा मुळातच थोडा आहे. मालवणच्या परिसरात १९८७ साली जाहीर झालेले सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य, रत्नागिरी व रेडीकडील काही खडकाळ पट्टे, मुंबईच्या किनाऱ्यावरील तुरळक वसाहती आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत खोल समुद्रातले आंग्रिया बँक हे पाण्याखालचे पठार, एवढाच त्याचा विस्तार. किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या मोजक्या वसाहती २०२० साली अलगद उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या होत्या. एकीकडे इतकी काळजी आणि दुसरीकडे किलोच्या भावाने विक्री, हे एकाच शहरात चालते.

प्रवाळाचा दगड उपसल्याने काय होते, हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही. तमिळनाडूतील मन्नारच्या आखातात तुतिकोरिनजवळ चुन्यासाठी आणि कारखान्यांसाठी प्रवाळाचे धोंडे वर्षानुवर्षे काढले गेले, आणि तेथील सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या २१ बेटांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली. कच्छच्या आखातातील प्रवाळवाळू तर एके काळी सिमेंट बनवण्यासाठीच उपसली जात होती. त्याच सिमेंटने आता प्रवाळावरचा भार थोडा हलका करता येत असेल, तर तेवढी परतफेड व्हायला हरकत नसावी.

परदेशांतील शौकिनांच्या बाबतीतही गाडी याच वळणावर आली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रातून दगड काढणे १९९० च्या दशकात बंद करण्यात आले, आणि त्याऐवजी समुद्रतळाचे पट्टे भाड्याने देऊन त्यांवर खाणीतला चुनखडक टाकायचा, काही वर्षे त्याच्यावर जीवसृष्टी वाढू द्यायची व मग तोच बाहेर काढून विकायचा, अशी पद्धत रूढ झाली. पॅसिफिकमधील फिजी हा या दगडाचा मोठा पुरवठादार देश होता. तेथेही सिमेंट आणि ज्वालामुखीय प्युमिस दगड यांचे गोळे घडवून ते समुद्रात मुरवण्याचा उद्योग उभा राहिला, आणि २०१७ च्या अखेरीस त्या सरकारने नैसर्गिक दगडाची निर्यात थांबवली. घरच्या घरी असा दगड बनवण्याची रीतही शौकिनांमध्ये सर्वदूर पसरत गेली. म्हणजे मी पुढे जे सांगणार आहे ते माझे संशोधन नव्हे. कोकणात मिळणारे साहित्य त्या रीतीत कसे बसते एवढेच मला सांगायचे आहे.

साहित्यात पहिले सिमेंट. पांढरे पोर्टलँड सिमेंट घ्यावे, कारण त्यात लोहाचे प्रमाण फारच कमी असते. करडे साधे सिमेंटही वापरणारे आहेत आणि त्यांच्या टाक्या नीट चालतात, परंतु आपल्याकडे करडे म्हणून जे सर्रास मिळते ते पीपीसी असते व त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेली असते. त्या राखेत काय काय आहे याची खात्री घरी करता येत नाही, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही. दुकानात 'पांढरे सिमेंट द्या' म्हटल्यावर पुष्कळदा भिंतीची पुट्टी हातात ठेवतात. पुट्टी पांढऱ्या सिमेंटवरच बनलेली असली तरी तिच्यात चिकटपणासाठी पॉलिमर आणि इतर रसायने घातलेली असतात. ती टाकीत कदापि जाता कामा नये. पिशवीवर काय छापले आहे ते वाचूनच पैसे द्यावेत. पाणी अडवणारी द्रव्ये, रंग, लवकर घट्ट होण्याची रसायने यांपैकीही काही मिसळू नये.

दुसरे शिंपले. किनाऱ्यावर जाऊन ते वेचत बसण्याची काहीच आवश्यकता नाही. ज्या घरात तिसऱ्या किंवा कालवे शिजतात त्या घरात ते कचऱ्यात जातात, आणि खानावळीत सांगून ठेवले तर गोणीभर साठायला फार दिवस लागत नाहीत. तिसऱ्यांचे शिंपले व कालवांची कवचे ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच असतात, म्हणजे प्रवाळाचा सांगाडा ज्या पदार्थाचा असतो त्याच पदार्थाची. मांसाचा अंश राहू नये म्हणून ते उकळावेत, उन्हात चांगले वाळवावेत आणि गोणपाटात गुंडाळून हातोडीने ठेचावेत. काही तुकडे बोटाच्या पेरा एवढे, काही गव्हाच्या दाण्याएवढे, असा मिश्र चुरा चांगला; सगळे पीठ करून टाकले तर दगड ठोकळ्यासारखा भरीव होतो. ठेचताना डोळ्यांवर चष्मा हवा, कारण कालवाची कपची सुरीसारखी उडते. शिंपले कमी पडले तर फरशीकामाच्या दुकानात मिळणारे पांढऱ्या संगमरवराचे खडे चालतात. वाळू मात्र मी घेत नाही. समुद्रकिनाऱ्याची वाळू उचलणे नियमात बसत नाही, आणि नदीच्या वाळूची आपल्या राज्यातली कथा आपल्याच पहिल्या पानावर दर आठवड्याला असते. कोकणातल्या कित्येकांना जांभ्याचा मोह पडतो, कारण तो आयताच सच्छिद्र असतो. पण जांभ्यात लोह भरपूर असते, आणि गोड्या पाण्यातील वनस्पतींच्या टाकीत तो त्या लोहासाठीच मुद्दाम घालतात. खाऱ्या टाकीत लोह वाढले की नको असलेले शैवाल माजण्याची भीती असते, म्हणून तो बाजूलाच ठेवलेला बरा.

तिसरे मीठ. मिठागरातले जाडे, खड्यांचे मीठ घ्यावे. मीठ हे येथे पोकळ्या पाडण्याचे साधन आहे: सिमेंट घट्ट झाल्यावर ते पाण्यात विरघळून निघून जाते आणि त्याच्या जागी छिद्रे राहतात. म्हणून बारीक मिठाचा उपयोग नाही.

प्रमाण आकारमानाने धरावे. एक माप सिमेंट, दोन मापे शिंपल्यांचा चुरा आणि दीड ते दोन मापे मीठ हे माझ्या अनुभवात भरवशाचे आहे. मीठ याहून वाढवले तर दगड हलका व सुरेख दिसतो खरा, पण टाकीत रचताना त्याचे कोपरे हातात येतात. सिमेंट आणि चुरा घमेल्यात कोरडेच एकजीव करून घ्यावेत, मग पाणी शिंपडत जावे, आणि मीठ अगदी शेवटी घालून दोन-चार वेळाच खालीवर करावे. आधी घातले तर ते तेथेच विरघळू लागते. पाणी किती, याचे माप मुठीने ठरते. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे, पण बोटांच्या फटींतून पाणी निथळता कामा नये. गवंडी गिलाव्याला जेवढे सैल कालवतो तेवढे हे सैल नको, आणि थापीने गुळगुळीतही करायचे नाही. ढेकळे एकमेकांना जेमतेम चिकटलेली आणि मध्ये फटी राहिलेल्या, असा त्याचा पोत हवा. हे सारे करताना हातांत रबरी मोजे आणि तोंडावर मुखपट्टी असावी. ओल्या सिमेंटचा क्षार कातडी भाजतो, आणि ते भाजणे लगेच कळत नाही, रात्री आग होऊ लागते तेव्हा कळते.

साचा म्हणून प्लास्टिकच्या टबात ओलसर जाडे मीठ पसरावे, त्यात हाताने खड्डा करावा आणि मिश्रण ओंजळीने सोडत जावे. गुहा हवी असेल तेथे मिठाचाच ओला गोळा ठेवून त्याच्यावर मिश्रण रचावे. नंतर तो विरघळला की आत पोकळी तयार. कमानीला किंवा लांबट फळीला आतून आधार लागतो. तो पीव्हीसी नळीच्या तुकड्याचा द्यावा, लोखंडी सळी किंवा बांधणीची तार घालू नये, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, फुगते आणि दगड फोडते. आकार देताना पुढचा विचार करावा. पाणी चारही बाजूंनी खेळले पाहिजे, काच पुसायला हात मागे गेला पाहिजे, आणि खालचे दगड तळावर पक्के बसतील असे सपाट असले पाहिजेत, कारण वाळू उकरणारे मासे वाळूवर टेकवलेला दगड एका रात्रीत कलंडवू शकतात. दोनशे लीटरच्या टाकीला वीस-पंचवीस किलो दगड पुष्कळ झाला.

दगड एक-दोन दिवसांनी साच्यातून काढता येतो, पण तो तेव्हा कच्चाच असतो. स्लॅबला जसे पाणी मारतात तसे आठवडाभर तरी त्याला ओले ठेवावे, म्हणजे त्याला बळकटी येते. त्यानंतर तो गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचा असतो, आणि बहुतेकांचा धीर याच टप्प्यावर सुटतो.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होताना त्यात मोठ्या प्रमाणावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपली ओळखीची चुन्याची निवळी ज्याची बनते तो पदार्थ, तयार होतो. तो दगडातून हळूहळू पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बाराच्याही वर नेतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या थोडा वर, टाकीत साधारण ८.१ ते ८.४ असावा लागतो. कच्चा दगड टाकीत गेला तर सामू चढतो, पाण्यातील मॅग्नेशियम व कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसू लागतात, आणि पाण्यात जो काही अमोनिया असेल त्याचा अधिक विषारी भाग वाढत जातो. 'सिमेंटने मासे मरतात' हा जो समज आपल्याकडे आहे तो या अर्थाने अगदी खरा आहे. मात्र ते कच्च्या सिमेंटचे काम असते. चुना निघून गेलेला किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा पुन्हा कार्बोनेट झालेला दगड माशांना निरुपद्रवी असतो.

त्यासाठी पिंपातले पाणी सुरुवातीला रोज, पुढे दोन-तीन दिवसांआड बदलावे, आणि अधूनमधून दगड बाहेर काढून सावलीत वाळू द्यावेत, म्हणजे हवा छिद्रांत शिरून आतल्या चुन्याचे कार्बोनेट होण्याला गती मिळते. पहिल्या काही दिवसांत पाण्यावर पांढरी साय धरते. ती याच कार्बोनेटची असते. या सगळ्याला सहा ते आठ आठवडे धरून चालावे. दगड जाडजूड असेल तर आणखीही लागतात. शिरका किंवा सौम्य आम्लात बुडवून हे काम दोन दिवसांत होते असे सांगणारे भेटतात. आम्लाने वरचा थर धुऊन निघतो आणि सामू तात्पुरता उतरलेला दिसतो, परंतु गाभ्यातला चुना तसाच राहतो व महिनाभराने टाकीत उतरू लागतो. आठवडे वाचवण्यासाठी महागडे मासे पणाला लावण्यात मला काही हशील दिसत नाही.

दगड तयार झाला की नाही हे ठरवण्याची रीत सांगतो, कारण बहुतेक फसगत मोजण्यात होते. नुकत्याच बदललेल्या पाण्याचा सामू नेहमीच कमी दिसतो, आणि मोठ्या पिंपातल्या भरपूर पाण्यात एखाद्या दगडाचा परिणाम विरून जातो. म्हणून सारख्या मापाच्या दोन बादल्यांत एकाच नळाचे पाणी भरावे. एकीत दगड मावेल तेवढा घालून तो जेमतेम बुडेल इतकेच पाणी ठेवावे, दुसरीत नुसते पाणी. दोन्ही झाकून चार-पाच दिवस हलवू नयेत. मग मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या चाचणीने दोन्हींचा सामू पाहावा. चाचणीनळीतला रंग दोन्हींकडे जवळपास सारखा आला आणि दगडाच्या बादलीचा आकडा साडेआठच्या खाली असला, तर काम झाले. फरक दिसला तर पुन्हा पिंपात. दगडाचे वजन, रंग किंवा त्याला येणारा सिमेंटचा वास यांवरून अंदाज बांधू नये.

टाकीत गेल्यावर हा दगड पांढराफटक व निर्जीव दिसतो, हे कबूल करायला हवे. निसर्गातल्या दगडाबरोबर जे असंख्य किडे, स्पंज, शैवाले आणि जिवाणू आयते येतात ते याच्यात नसतात. अर्थात त्या आयत्या पाहुण्यांत टाकीचे वाटोळे करणारी एप्टेशिया ही फुलासारखी दिसणारी, डंख मारणारी समुद्रफुले आणि छोट्या माशांवर तुटून पडणारी मँटिस कोळंबीही असते, हे विक्रेते सांगत नाहीत. जिवाणूंसाठी ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला गाळणीचा स्पंज आणला तरी पुरे. त्याच्यासोबत अमोनियाचा थोडा पुरवठा ठेवून, मासे न सोडता, अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत थांबावे. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट खाणारे आतले जिवाणू त्यानंतर कित्येक महिन्यांनी स्थिरावतात, तोवर पाणी बदलण्यात कसूर करू नये. आधी तपकिरी, मग हिरवे, आणि पुढे वर्षभरात जांभळट थर असे रंग दगडावर चढत जातात. माझ्या घरी येणारे पाहुणे टाकीतल्या त्या दगडांना हात लावून 'कुठल्या समुद्रातले?' असे विचारतात, आणि पन्हाळीच्या पिंपात तयार झालेले आहेत असे सांगितले तर विश्वास ठेवत नाहीत.

सिमेंट तरी कुठे निसर्गाचे मित्र आहे, असा आक्षेप कोणी घेईल. एक टन क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते ते भाजलेले खडे, बनवताना सुमारे ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे खरेच आहे. पण एका टाकीच्या दगडांना काही किलोच सिमेंट पुरते आणि ते दगड वर्षानुवर्षे टिकतात. घराच्या जिन्याची एखादी पायरी याहून जास्त सिमेंट खाते. ज्याला एवढेही नको असेल त्याने खाऱ्या पाण्याची टाकी लावूच नये, हेही मला मान्य आहे. दिवे आणि पंप चालवायला लागणारी वीज त्याहून कितीतरी भारी आहे.

या निमित्ताने शासनाकडे आणि आपल्या वाचकांतील जाणकारांकडे दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेतून सिंधुदुर्गात आणि इतर किनारी तालुक्यांत बचतगटांनी कालवे व शिणाणे यांची शेती सुरू केली आहे. मांस विकले गेल्यावर कवचांचे ढीग उरतात. त्या कवचांपासून मुरवलेले, सामू तपासलेले दगड तयार करून शहरांतील मत्स्यटाकी व्यावसायिकांना विकणे, हा अंगणात करता येण्याजोगा जोडधंदा आहे. त्याला यंत्रसामग्री लागत नाही, लागते ती गोड्या पाण्याची सोय आणि सवड. उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते तेथे हे काम पावसाळ्यात करावे. पागोळ्यांखाली पिंप ठेवले की पाणी बदलण्याचे कष्टही वाचतात. दुसरे असे की मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नव्या रूपाची चर्चा अधूनमधून कानावर येते. तेथे किंवा राज्यात अन्यत्र सार्वजनिक मत्स्यालय उभे राहील तेव्हा खाऱ्या पाण्याच्या टाक्यांतील दगड मानवनिर्मित असावेत आणि तसे काचेवर मराठीत ठळक लिहिलेले असावे. हजारो मुले ते वाचतील, आणि त्यांतल्याच काहींच्या घरी उद्या टाकी येणार आहे.

शेवटी, ज्यांच्या घरी असा प्रवाळाचा दगड पूर्वीच येऊन पडला आहे त्यांच्यासाठी. अपराधी वाटून तो समुद्रात नेऊन टाकण्याचा विचार कृपा करून कोणी करू नये. टाकीतला दगड आपल्यासोबत परक्या समुद्रातील शैवाले, किडे आणि रोगजंतू घेऊन असतो. १९८४ साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयासमोरच्या पाण्यात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयांत वाढवल्या जाणाऱ्या शैवालाचा एक छोटासा पट्टा दिसला होता, आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरले. तेव्हा दगड आहे तेथेच ठेवून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारणा करावी आणि ते सांगतील तसे करावे. नवा मात्र घेऊ नये.

आपल्या पुरवणीतील त्या ओळीची दुरुस्ती पुढील रविवारी त्याच पानावर प्रसिद्ध व्हावी, ही विनंती. जागा असल्यास सोबत मिश्रणाचे प्रमाण आणि दोन बादल्यांची चाचणी एवढे चौकटीत छापता आले तर पुष्कळांची सोय होईल.

कळावे.

आपला नम्र,
एक वाचक, रत्नागिरी